मागे कोण उरलं ते कळलं, गेलं कोण?

18 डिसेंबर 2022, रविवार. वाचनालयासमोरच्या बोळीत साठेक खुर्च्या, एक माइक आणि टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची लांब वही. वर्षभरात वस्तीतली नऊ माणसं गेली होती आणि प्रत्येकाचं एक पान होतं. वाचत होते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरभाऊ. डाव्या हातात नावांची यादी, उजव्या हातानं पान उलटायचं. सातवं नाव घेतलं आणि दोन पानं एकदम उलटली गेली. वाचला तो आठव्याचा मजकूर. मग आठवं नाव, नवव्याचा मजकूर. नववं नाव घेतलं तर पुढे पानच नाही. तेव्हा कुठे भाऊ थांबले.

तोवर कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. सातव्या नावाची सून कार्यक्रमानंतर येऊन म्हणाली, "बाबांचं छान लिहिलं होतं हो." तिनं जे ऐकलं होतं ते शेजारच्या गल्लीतल्या एका वॉचमनचं पान होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण दोष भाऊंचा नव्हता. माझा होता.

मी नागपूरच्या एका दैनिकात बरीच वर्षं निधनवार्तांचं टेबल सांभाळलं. संध्याकाळी घरचं कुणीतरी चिठ्ठी आणि पासपोर्ट साइज फोटो घेऊन यायचं, डोळे सुजलेले, आणि मी न बघता लिहून टाकायचो: यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. मृत्युसमयी ते अमुक वर्षांचे होते. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुले, सुना, जावई, नातवंडे असा बराच मोठा आप्तपरिवार आहे. अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. अकरा वर्षं खाटेवर काढलेला माणूससुद्धा माझ्या टेबलावर "अल्पशा आजारानं" जायचा. या मजकुरात मेलेल्याला मिळतं एक वाक्य आणि जिवंतांना चार. मागे कोण उरलं ते पूर्ण कळतं. गेलं कोण, याचा पत्ता लागत नाही. बायकांचं तर त्याहून अवघड. त्या आयुष्यभर अमक्याची पत्नी आणि तमक्याची आई असतात, आणि निधनवार्तेतही तशाच जातात.

वहीसाठी घरच्यांना जो नमुना मी दिला होता, तो याच साच्यातला होता. त्यामुळे नऊही माणसं मनमिळाऊ, प्रेमळ, कष्टाळू आणि धार्मिक निघाली. एक जण तर वस्तीला चांगलाच माहीत असलेला तापट माणूस होता, तोही मनमिळाऊ.

वही कशी सुरू झाली

आमची वस्ती गणेशपेठ आणि मॉडेल मिल चौकाच्या मधली, नाग नदीला लागून. जुन्या मिल कामगारांची. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, नावही त्यावरूनच. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्या राणीशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. भोंगा बंद होऊन वीस वर्षं झाली तरी कुणी वेळेवर आलं की "भोंग्यावर आला" म्हणतात.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनात, इथे माणसं गेली ती गुपचूप. अंत्यविधीला वीसच जणांची परवानगी होती. मोक्षधाम घाट आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तरी शेजाऱ्यांनी दारातूनच हात जोडले. राख सावडायला दोघं-तिघं, तेरवी नाही, रामटेकच्या अंबाळ्यावर दशक्रियेला जाणं नाही. चौकात "भावपूर्ण श्रद्धांजली"चे फ्लेक्ससुद्धा लागले नाहीत, आणि ज्या वस्तीत नगरसेवकाच्या वाढदिवसाला वीजेचा खांब दिसत नाही, तिथे ते फार जाणवलं. पुढच्या वर्षी कंडक्टरभाऊ म्हणाले, "माणसं गेली, पण गेली असं कुणी म्हटलंच नाही ना बावा."

त्यांचा विचार सर्वपित्री अमावस्येला नावं वाचण्याचा होता. वस्तीत निम्मी घरं बौद्ध, काही मुसलमान, तीन ख्रिस्ती. पितर सगळ्यांचे सारखे नसतात. कुणी परित्राणपाठ करून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतं, कुणाकडे चाळीसवा असतो, कुणी अक्षयतृतीयेला घागर भरतं, कुणी 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतं. म्हणून ज्याला कुठलाच धर्म नाही असा दिवस धरला: डिसेंबरचा तिसरा रविवार. ऊन बोचत नाही, बसायला बरं.

इतकंच. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. वाचनालयाची खोली, चार माणसं आणि वही.

काकूंचं पान

आता मूळ प्रकरण. मे 2024 मध्ये मशीनवाल्या काकू गेल्या. वय सत्तरीच्या पुढे. चाळीसेक वर्षं त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, दारातल्या पायमशीनवर, अख्ख्या वस्तीचे ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवले. मुलाला पान लिहून मागितलं. त्यानं व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवल्या. पहिलीच ओळ: "आमची आई अत्यंत मनमिळाऊ व प्रेमळ होती."

या वेळी आम्ही ठरवलं होतं की घरच्यांकडे शेवटी जायचं. आधी घराबाहेरची माणसं, आणि त्यांना "कशा होत्या हो?" असं विचारायचंच नाही. या प्रश्नाला "चांगल्या होत्या" हेच उत्तर येतं. गेलेल्या माणसाबद्दल दुसरं कुणी काय बोलेल? वस्तीतल्या एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करणाऱ्या पोरीनं वेगळा प्रश्न काढला: तुमचं त्यांच्याकडे शेवटचं काम काय पडलं होतं?

या एका प्रश्नानं माणसं बोलायला लागली. एकीचं फॉल-पिको व्हायचं राहिलं होतं. साडी अजून काकूंच्या घरीच होती आणि मागायची लाज वाटत होती. एका रिक्षावाल्यानं सीटचं फाटलेलं रेक्झिन शिवून घेतलं होतं. "सुई तुटली तर सुईचे पैसे वेगळे," असं त्याला आधीच बजावलं होतं आणि सुई खरंच तुटली. शाळेच्या बाई म्हणाल्या, काकू पहिलीच्या पोरांचे गणवेश दोन बोटं लांब ठेवायच्या आणि आत दुमड घालून द्यायच्या, म्हणजे दुसरीत उसवून पुन्हा चालतील; आणि त्या उसवण्याचे पैसे घ्यायच्या नाहीत. मनमिळाऊपणा मला त्या चार ओळींत सापडला नव्हता, या दोन बोटांच्या दुमडीत सापडला.

मग नावाचा घोळ. काकूंचं नाव काय, हे गल्लीत कुणालाच सांगता येईना. समोरची ऐंशीची आजी म्हणाली, "काकूले नाव कोन इचारे? काकू म्हन्लं का मान वर करे." मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, जुन्या रेशनकार्डावर दुसरं. उमरेडहून भाऊ आला होता, त्याच्याकडे तिसरं. दाखल्यावरचं नाव ऐकून तो म्हणाला, "असं नाव आमच्या घरी कोणाचंच नव्हतं." लग्नात बदललेलं नाव सासरचं, रेशनकार्डावरचं कारकुनाच्या कानाचं, माहेरचं साठ वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. मुलाचा आग्रह दाखल्यावरच्याचा, भावाचा माहेरच्याचा, गल्लीचा "काकू"चा.

अशा वेळी मला म्हाइंभट आठवतात. चक्रधरस्वामींच्या मागे, नागदेवाचार्यांच्या सांगण्यावरून, तेराव्या शतकात हा माणूस ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठत, त्यांच्या आठवणी गोळा करत फिरला. मराठीतलं पहिलं गद्य चरित्र, लीळाचरित्र, असं आमच्याच विदर्भात, रिद्धपूरला उभं राहिलं. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दुसरी फेकायची नाही, तीही नोंदवून ठेवायची, ही रीत महानुभावांच्या पोथ्यांत दिसते. अशा पाठाला ते "वासना" म्हणतात. आम्ही काकूंच्या पानावर तिन्ही नावं लिहिली, कोणतं कुणी सांगितलं त्यासकट. इथे मी एकही लिहीत नाही, कारण घरच्यांनी वहीपुरतीच परवानगी दिली आहे.

खिळ्याला टांगलेली वही

फोटोचा प्रश्न नावाहून बिकट होता. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. आमच्याकडे पाणी पलंगाच्या काठापर्यंत आलं. काकूंच्या घरची पेटी जमिनीवर होती, तिच्यात अल्बम, तो चिखलात गेला. उरला आधार कार्डावरचा फोटो. मुलानं तो स्टुडिओत नेला. तिथल्या पोरानं त्या चेहऱ्याला हिरवी पैठणी, लाल ब्लाऊज आणि मागे कमळाचं तळं जोडून दिलं. फ्रेम बघायला बायका जमल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हणाली, "खांदा उतरून राह्यला ना ब्लाऊजचा. काकूनं असं कधी शिवलं असतं का?" आणि सगळ्या हसल्या, आणि त्यांतल्या दोघी रडायला लागल्या.

फोटो गेला, पण मापवही वाचली. ती जमिनीवर नव्हती. मशीनच्या वर, भिंतीच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली होती. आमच्या हाती ती लागली निव्वळ नशिबानं. तेरवीनंतर महिन्याभरात सुनेनं खोली आवरायला काढली. चिंध्यांची पोती, बॉबीनचा डबा, वह्या असं सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं होतं. एमएसडब्ल्यूवाली पोरगी कॉलेजला निघाली होती, तिनं वही ओढून घेतली आणि भंगारवाल्याला वीस रुपये दिले.

या कामात वेळ फार महत्त्वाची आहे, हे मला तेव्हा पटलं. पहिल्या तेरा दिवसांत घरात फक्त स्तुती असते. वर्षश्राद्धापर्यंत थांबलं तर गोष्टी घासूनपुसून गुळगुळीत होतात, आणि सगळे एकच गोष्ट सांगायला लागतात. मधले दोन महिने खरे. तेव्हा कपाट उघडतं, वस्तू हातात येतात, माणसं चिडतात, आठवतात. आणि तेव्हाच भंगारवाला येतो. आपण त्याच्या आधी पोचायचं.

आता ती वही. दोनशे पानी, कोपरे तेलकट. कुणाचंही नाव नाही. "पिवळं घर." "कंडक्टरची मोठी." "खालचा भाडेकरू, बायको." "नर्स." पुढे आकडे: छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, गळा पुढे, गळा मागे. माप बदललं की जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहायचा. त्यामुळे एकेका ओळीत एकेका बाईची तीस वर्षं आडवी पसरली आहेत. "पिवळं घर"च्या ओळीत मागचा गळा 9, 9, 9, आणि मग एकदम 5. मी आपला खुळ्यासारखा विचार करत बसलो, की वैधव्य आलं असेल. शाळेच्या बाईंनी चष्मा सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "छे हो. त्या वर्षी तिची सून आली. सासू झाली का गळा वर येते."

काटोल रोडवर जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनं. तिथे, माहूरझरीला, टाकळघाट-खाप्याला उत्खनन झालं तेव्हा माणसांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचा साज असं निघालं. त्या लोकांचं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही, पण हातात काय असायचं ते ठाऊक आहे. माझ्या निधनवार्तांचं नेमकं उलट. शेकडो नावं मी छापली, हातात काय असायचं ते एकाचंही नाही.

आणि सरकारी कागद? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. मृत्यू 21 दिवसांत कळवायचा, उशीर झाला की विलंब शुल्क, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. हे सगळं ठीक. पण त्या मृत्यू अहवालाच्या फॉर्मचा सांख्यिकी भाग कधी वाचून बघा. माणूस विडी-सिगारेट ओढायचा का, किती वर्षं. तंबाखू खायचा का, किती वर्षं. सुपारी, पानमसाला, दारू, किती वर्षं. आरोग्याच्या आकडेवारीसाठी ते हवंच, माझी तक्रार नाही. पण नागपूरच्या माणसाबद्दल सरकारदरबारी नोंदली जाणारी जर कुठली सवय असेल तर ती खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हे वाचून हसू येतं. काकू खर्रा खायच्या. घरच्यांनी फॉर्मवर "नाही" लिहिलं. वहीत आम्ही लिहिलं नाही, कारण मुलाला ते नको होतं आणि वस्तीला ते तसंही माहीत आहे.

भिशी

इथवर पान गोड होतं. मग भिशी निघाली.

काकू बारा बायकांची भिशी चालवायच्या, महिना पाचशे. एप्रिल 2021 मध्ये त्यांतल्या दोघी गेल्या आणि भिशी मोडली. एका घराचं म्हणणं, आमच्या आईचे भरलेले पैसे काकूंनी कधी परत केले नाहीत. दुसऱ्या घरची सून म्हणाली, आम्हाला त्याच दिवाळीला मिळाले, आणि ते काकूंनी स्वतःच्या खिशातून घातले, कारण उरलेल्यांनी हप्ते भरायचं थांबवलं होतं. मापवहीच्या मागच्या पानांवर हिशोब आहे. दोन्ही नावांसमोरची बाकी एका आडव्या रेघेनं खोडलेली. रेघ म्हणजे फेडलं, की बुडालं? रेघेवरून ते कळत नाही.

आम्हा चौघांत यावर दोन संध्याकाळी वाद झाला. भाऊंचं मत, मेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये, रीत नाही. पोरीचं मत, मग पुन्हा सगळे मनमिळाऊच होतील, वही बंद करा. वस्तीतल्या एका वकिलाला विचारलं. त्यानं शांतपणे सांगितलं की बदनामीचा कायदा मेलेल्यालाही लागू होतो: जिवंत असता तर ज्या आरोपानं त्याच्या नावाला बट्टा लागला असता, तो आरोप घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केला तर तो गुन्हा ठरू शकतो. पूर्वी दंडविधानाचं कलम 499, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356. भाऊ म्हणाले, "पाहा." पोरगी म्हणाली, "हेतू म्हटलंय त्यात, हेतू."

शेवटी नियम केला तो असा. जे एकच घर सांगतं ते लिहायचं नाही, चांगलं असो की वाईट. जे तीन वेगळी घरं, एकमेकांना न विचारता सांगतात, ते लिहायचं. या नियमात आरोप बसला नाही, आणि काकूंनी खिशातून भरल्याचं सांगणंही बसलं नाही. पानावर आलं ते एवढंच: "भिशी चालवायच्या, 2021 मध्ये मोडली, तिचा हिशोब मापवहीच्या मागे आहे." मला हे वाक्य आजही आवडत नाही. ते भित्रं आहे. पण याहून पुढचं वाक्य लिहायला आमच्यापाशी आधार नव्हता.

मुलाला तेही खपलं नाही. "भिशीचं नाव काहून घेतलं?" असं म्हणून त्यानं फ्रेम परत नेली आणि बोलणं बंद केलं.

बाकीची पानं

त्या वर्षीच्या इतर पानांचं थोडक्यात. सायकलवाल्या चाचांच्या घरच्यांनी सांगितलं, आमचा फातिहा झाला, वहीत नको. नाही लिहिलं; फक्त त्यांच्या दुकानातला हवा भरायचा पंप अजून फुटपाथवर असतो आणि शाळेची पोरं फुकट हवा भरतात, हे लोक आपापसांत बोलत राहिले. एका निवृत्त मिल कामगाराच्या पुण्यानुमोदनाला घरच्यांनी वाचनालयाला पुस्तकं दिली. त्याचं पान त्याच्या मिलमधल्या साच्यावरच्या जोडीदारानं सांगितलं, आणि ते काकूंच्याहून सरस झालं, खरं सांगायचं तर.

बालाघाटकडून आलेला एक गवंडी पोरगा, खालच्या खोलीत सहा महिने भाड्यानं होता. कामावर पडून गेला. त्याला वस्तीतला धरायचा की नाही यावरही थोडं झालं. धरला. तीन ओळी मिळाल्या: घरमालकिणीला न सांगता त्यानं गळका नळ बसवून दिला होता, फोनवर आईशी बोलताना गच्चीवर जायचा, भाजीत हिरवी मिरची चिरून नाही, अख्खी टाकायचा. बाकी पान कोरं आहे. भरायचा प्रयत्न केला नाही.

मरणाचं कारण कुणाच्याच पानावर नाही. आधी वाटलं होतं, ज्याचं सांगण्यासारखं आहे त्याचं लिहावं. पण दहा जणांचं लिहिलं आणि एकाचं गाळलं की त्या गाळलेल्या जागेकडेच सगळे बोट दाखवतात. त्या एका घरासाठी सगळ्यांचंच गाळलं.

15 डिसेंबर 2024

त्याच दिवशी नागपुरात राजभवनावर मंत्रिमंडळाचा शपथविधी होता, दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन. मंडपवाल्याच्या खुर्च्या सगळ्या तिकडे. लोकांनी घरून पाट, सतरंज्या, प्लॅस्टिकचे स्टूल आणले. तर्री-पोहे होते. एक जण कुरकुरला, की हे काय लग्न आहे का? भाऊ म्हणाले, उपाशी माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

या वेळी भाऊंनी प्रत्येक पानाला वेगळ्या रंगाचा दोरा लावला होता. काकूंच्या पानाला मशीनचाच पांढरा दोरा. वाचायला उठले तेव्हा मुलगा गल्लीच्या तोंडाशी, गाडीवर एक पाय टेकवून उभा होता. आत आला नाही, गेलाही नाही.

पानात दुमड होती, तुटलेली सुई होती, तिन्ही नावं होती. मशीनचीही गोष्ट होती: काकांना मिलमधून बोनस मिळाला, त्यातून त्यांनी बायकोला मशीन घेऊन दिली, हातगाडीवर ठेवून इतवारीतून आणली. तीन घरांनी, न विचारता, अगदी सारखीच सांगितलेली गोष्ट. बोनस, हातगाडी, इतवारी, सगळं जुळत होतं. नियमात चोख बसली म्हणून आम्ही खूश होतो.

वाचन संपल्यावर मापवही टेबलावर उघडी ठेवली. अर्धा तास तिथून कुणी हललं नाही. बायका बोट फिरवत आपापली ओळ शोधत होत्या. कॉलेजच्या दोन पोट्ट्यांना त्यांच्या आजीची ओळ सापडली, "विहिरीजवळची", आणि त्यांनी तिथेच आजीच्या बाहीचं माप आपल्या दंडाला लावून पाहिलं. फॉल-पिकोवालीनं गर्दीत मला हळूच विचारलं, माझी साडी आता कुणाकडे मागू?

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मुलगा वाचनालयात आला. उभ्यानंच म्हणाला, वही दाखवा. दाखवली. भिशीच्या ओळीवर थांबेल असं वाटलं, थांबला नाही. मशीनच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे चूक आहे. मशीन बाबानं नाही घेतली. आईनं पाटल्या मोडल्या. सराफ्यात मी होतो संग, पाचवीत होतो. बाबाले वाईट वाटंल म्हणून गल्लीत बोनस सांगितलं तिनं."

मी पेन काढला. म्हणालो, जुनं खोडत नाही, शेजारी तुमचं लिहितो. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, "पाटल्या दोन होत्या. दोन लिहा."